वळणाचे पाणी

आपल्या भाषेत ‘सरळ’ या शब्दाला मोठा मान आहे. सरळ मनाचा माणूस, सरळ व्यवहार, नाकासमोर चालणारा मुलगा. सगळी कौतुके त्याच्या वाट्याला. उलट ‘वाकडे’ म्हटले की कपाळाला आठी पडते. वाकडे बोलणे, वाकडी नजर, वाकडी वाट. एकाचेही कोणी नाव काढत नाही. या दोघांच्या मध्ये ‘वळण’ नावाचा एक लबाड शब्द बसला आहे. आहे तो वाकड्याच्या कुळातला, पण लौकिक मिळवला आहे सरळाचा. मुलांना वळण लावावे लागते, अक्षर वळणदार असावे लागते, आणि मुलगी आजीच्या वळणावर गेली म्हटले की आजीला धन्य वाटते. दिवाळीच्या दिवसांत तर घरचा सगळा कारभारच वळणाचा. लाडू वळायचे, चकलीला वेढे द्यायचे, करंजीला मुरड घालायची. सरळ म्हणावी अशी ताटात एक शेव. पण तीसुद्धा कढईत पडली की स्वतःभोवती गुंडाळून बसते.

गेली तीन वर्षे मात्र हा शब्द माझ्या मनात एका वेगळ्याच अर्थाने रुतून बसला आहे. तो अर्थ मी बावड्याच्या माझ्या थोरल्या मामांकडून शिकलो, आणि थोडासा नीरा नदीकडून.

बावडा हे इंदापूर तालुक्यातले, इंदापूरहून अकलूजकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. तुकोबांची पालखी पंढरीला निघाली म्हणजे इंदापूर सोडून बावड्यावरून सराटीला जाते. तिथे नीरेत पादुकांना स्नान होते आणि मग पलीकडे अकलूज, म्हणजे सोलापूर जिल्हा. नीरा पुढे नीरा-नरसिंहपूरला भीमेला मिळते. हीच भीमा पंढरपुराशी अर्धचंद्रासारखी वळते, म्हणून तिथे तिचे नाव चंद्रभागा. मामांच्या उसाजवळून गेलेले पाणी विठ्ठलाच्या पायाशी पोचताना चंद्राची कोर होऊन पोचते. नदी तिथे सरळ गेली असती तर हे नाव तरी कुठून आले असते?

मामांचे रान नीरेच्या एका वळणावर आहे, आणि तेही बाहेरच्या काठाला. बाहेरच्या काठाचे दुःख ज्याचे रान तिथे आहे त्यालाच कळते. मोठा पूर आला की नदी या काठाचा घास घेते आणि समोरच्या आतल्या काठाला गाळाचे दान करते. “नदी एका हाताने घेते नि दुसऱ्या हाताने देते,” मामा म्हणत, “फक्त देते ती पलीकडच्याला!”

नदी असे का करते, याचे उत्तर एका फार मोठ्या माणसाने दिले आहे. १९२६ साली आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी नद्यांच्या नागमोडी वळणांवर एक छोटासा लेख लिहिला. विश्वाची घडी उलगडणारा हा माणूस त्या लेखात चक्क चहाच्या कपाकडे वळला. कपाच्या तळाशी चहाची पत्ती असावी आणि आपण चमच्याने चहा गरगर ढवळावा. वाटते असे की पत्ती कडेला फेकली जाईल. पण चमचा काढला की ती तळाशी मधोमध गोळा होते. कारण असे, की तळाला घासून फिरणारे पाणी मंदावते आणि त्याची बाहेर जाण्याची ओढ कमी पडते. वरचे वेगवान पाणी बाहेर सरकते, कडेने खाली उतरते आणि तळावरून आत येते. येताना पत्तीला बरोबर आणते. नदीच्या वळणावर हेच घडते. वरचे जोरकस पाणी बाहेरच्या काठावर येऊन खाली बुडी मारते, काठ खरवडते आणि ती माती तळावरून आतल्या काठाकडे नेऊन टाकते. ज्याला खात्री करून घ्यायची असेल त्याने पाडव्याचा चहा गाळू नये, एवढेच.

पण याच आइन्स्टाइनांची दुसरी गोष्ट इतकी रम्य नाही. १९४८ साली न्यूयॉर्कमध्ये रुडॉल्फ निसेन या शस्त्रवैद्याने त्यांचे पोट उघडले, तेव्हा आतली मुख्य रक्तवाहिनी फुग्यासारखी फुगलेली दिसली. त्या वेळी तिच्यावर करता येण्याजोगे फारसे काही नव्हते. निसेन यांनी फुगवट्याभोवती सेलोफेनचा कागद गुंडाळला. त्या कागदामुळे भोवती कठीण आवरण धरावे आणि फुगा आवरला जावा, अशी कल्पना. त्या कागदावर आइन्स्टाइन आणखी सहा वर्षांहून अधिक काळ जगले. १९५५ च्या एप्रिलमध्ये फुगा फुटला. तोवर पॅरिसच्या शार्ल द्युबोस्त यांनी १९५१ साली पोटातला असा भाग काढून दुसरी वाहिनी बसवून दाखवली होती. पण आइन्स्टाइनांनी शस्त्रक्रियेला नकार दिला आणि १८ एप्रिलला प्रिन्स्टनच्या इस्पितळात ते गेले. नद्या का वळतात हे जगाला समजावून सांगणारा माणूस स्वतःच्या पोटातल्या नदीने काठ फोडला म्हणून गेला.

या नदीचे नाव महारोहिणी. हृदयातून ती वर निघते, छत्रीच्या मुठीसारखे वळण घेते, पाठीच्या कण्यापुढून खाली उतरते आणि बेंबीच्या जवळपास तिचे दोन फाटे होऊन दोन पायांकडे जातात. पोटात तिची जाडी साधारण दोन सेंटिमीटर असते. तीनच्या पुढे गेली की डॉक्टर तिला ‘ॲन्युरिझम’ म्हणतात; आपण फुगवटा म्हणू. पासष्टीच्या पुढचे पुरुष, त्यांतही विडी-सिगारेट ओढलेले, हे त्याचे मुख्य गिऱ्हाईक. दुखत नाही, खुपत नाही, ताप नाही. मुकाट्याने वाढत राहतो. लहान मुलाचा फुगा फुगवताना आपण पाहतो, की पहिली फुंकर जड जाते आणि एकदा फुगला की पुढे सहज फुगत जातो. वाहिनीचेही तसेच. आतला दाब तोच असला तरी घेर जितका मोठा तितका भिंतीवरचा ताण मोठा. लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाने हा नियम ओळखला जातो. म्हणून फुगवटा जितका मोठा तितके त्याला आणखी मोठे होणे सोपे. आणि फुटला, तर वाचणाऱ्यांपेक्षा न वाचणारेच कितीतरी अधिक.

मामांचा सापडला तो अपघाताने. वय एक्काहत्तर, चाळीस वर्षे विडी ओढून ती सोडलेली. पोटात एका बाजूला दुखू लागले, तेव्हा मुतखड्याचा संशय घेऊन बारामतीला सोनोग्राफी केली. खडा निघाला नाही. निघाला तो ५.८ सेंटिमीटरचा फुगवटा. पुरुषांच्या बाबतीत ५.५ च्या पुढे गेले की दुरुस्तीचा विचार करतात. मामा घरी आले, मामींना म्हणाले, “खडा नाही निघाला,” आणि रानात पाणी बघायला गेले. बाकीचे आम्हांला कागदावरून कळले.

मग पुणे, मोठे इस्पितळ, सीटी स्कॅन. त्या दिवशी मी मामांबरोबर होतो. डॉक्टर तरुण होते, बोलण्यात घाई नव्हती. त्यांनी पडद्यावर मामांची महारोहिणी उभी केली; बोटाने फिरवावी तशी ती फिरत होती. वरून येत होती, मूत्रपिंडांना फाटे देत होती, मग एकदम डावीकडे वळून फुगवट्यात शिरत होती आणि खाली दोन्ही फाटे नागमोडी. मी मनात म्हटले, ही तर नीरा! मामी शेजारीच बसल्या होत्या. त्या पडद्याकडे बघून म्हणाल्या, “म्हणजे आतूनसुद्धा वाकडेच निघालात म्हणायचे.” डॉक्टर हसले, मामाही हसले. पुढचे बोलणे मात्र हसण्यासारखे नव्हते.

घरातून निघताना आम्ही सगळे एका आशेवर निघालो होतो. मामेभावाने चौकशी करून ठेवली होती, की हल्ली पोट फाडावे लागत नाही. जांघेतून नळी घालतात, आतल्या आत अस्तर लावतात आणि चौथ्या दिवशी माणूस घरी. ही चौकशी खरी होती. त्या नळीची गोष्ट दिवाळीत सांगण्यासारखीच आहे, कारण ती नळी म्हणजे एक आकाशकंदील. आपल्या कंदिलाला कामट्यांचा सांगाडा आणि वर कागद. तिला धातूच्या नागमोडी तारांचा सांगाडा आणि त्यावर कापड. बाजारातला घडीचा कंदील जसा चपटा होऊन येतो आणि घरी ओढला की फुलतो, तशी ही नळी बारीक वेष्टनात मिटून जांघेच्या रोहिणीतून वर नेतात आणि नेमक्या जागी वेष्टन मागे ओढले की आत फुलते. आता रक्त नळीतून वाहते. बाहेरच्या फुगवट्यावर दाब येत नाही. मुख्य नळीला खाली दोन पाय असतात, एक लांब आणि एक आखूड. आखूड पायात दुसरीकडून आणखी एक तुकडा घालून जोडतात. दिसायला एकूण प्रकार विजारीसारखा.

कापडाची कुळकथाही घरगुती आहे. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या मायकेल डीबेकी यांनी डेक्रॉनचे कापड आणले आणि बायकोच्या शिवणयंत्रावर रक्तवाहिन्यांच्या नळ्या शिवल्या. डेक्रॉन आणि टेरिलीन ही एकाच जातीच्या धाग्याची दोन नावे; आपल्या वडिलांच्या पिढीने ज्याच्या पँटी मोठ्या तोऱ्याने मिरवल्या तोच हा धागा. पोट न उघडता नळी आतून बसवण्याची युक्ती पुढची. १९८७ साली खारकीवमध्ये निकोलाय व्होलोदोस यांनी छातीतल्या महारोहिणीत, आणि १९९० साली बुएनोस आइरेसमध्ये हुआन पारोदी यांनी पोटातल्या फुगवट्यात अशी नळी बसवली. तेव्हापासून ही रीत जगभर रुळली.

“पण मामा,” डॉक्टर म्हणाले, “यात सगळा खेळ गळ्याचा असतो.”

गळा म्हणजे मूत्रपिंडाच्या फाट्यांच्या खाली आणि फुगवट्याच्या वर जो निरोगी तुकडा उरतो तो. नळीचे वरचे टोक तिथे घट्ट बसायला हवे. गळा पुरेसा लांब हवा. साधारणपणे दहा ते पंधरा मिलिमीटर तरी. तो सरळसोट हवा. खाली रुंदावत जाणारा, धोतऱ्याच्या फुलासारखा असेल, तर नळी निसटते. भिंतीवर चुन्याचे थर किंवा गुठळ्या असतील तर पकड बसत नाही. नळी गळ्यापेक्षा दहा ते वीस टक्के मोठी घेतात, म्हणजे ती सतत बाहेर दाबत राहते. पण फार मोठी घेतली तर कापडाला धोतरासारख्या निऱ्या पडतात आणि निऱ्यांमधून रक्त पुन्हा फुगवट्यात झिरपते. खालचे फाटे फार अरुंद असतील तर नळी वर चढवताच येत नाही; फार नागमोडी असतील तर नळीचा पाय मुडपतो, आणि मुडपलेल्या पायात रक्त गोठते. आणि या सगळ्यांहून नाठाळ गोष्ट म्हणजे गळ्याचे वाकण. बहुतेक नळ्या साठ अंशांपर्यंतच्या वाकणासाठी बनवलेल्या असतात. मामांचा गळा बारा मिलिमीटर लांब होता, आणि वाकण सत्तर अंशांचे.

“वाकण असले म्हणून काय होते?” मामेभावाने विचारले. “नळी लवचीक असतेच की.”

डॉक्टर सांगू लागले, की वाकणावर रक्ताचा दाब नळीला एका बाजूला ढकलत राहतो. ते कागदावर बाण काढत होते. मामा इतका वेळ गप्प होते. ते एकदम पुढे सरकले आणि म्हणाले, “म्हणजे बेंडला ठोकळा नाही.”

डॉक्टरांना ते कळले नाही. ज्यांनी नदीवरून रानात पाणी नेले नाही त्यांना कळायचेही नाही. म्हणून इथे थोडे सांगितले पाहिजे. नीरेच्या काठाने ज्यांची राने आहेत त्यांनी नदीवर मोटर बसवून जमिनीखालून पाईपलाईनी नेल्या आहेत. सरळ लाईन बिचारी वर्षानुवर्षे त्रास देत नाही. त्रास असतो तो बेंडला. जिथे लाईन वळते तिथे पाईप बाहेरच्या बाजूला सरकू पाहतो आणि जोड निसटतो. म्हणून जाणता माणूस बेंडच्या पाठीशी काँक्रीटचा भक्कम ठोकळा ओततो. नवशिके म्हणतात, पाणी जोरात येऊन बेंडवर आदळते म्हणून तो निसटतो. मामांचा अनुभव वेगळा होता. “टोकाचा व्हॉल्व्ह बंद, लाईन नुसती भरलेली, पाणी एक थेंब हलत नाही, तरी बेंड निसटलेला मी पाहिला आहे. वाहण्याचा प्रश्न नाही, दाबाचा आहे.”

डॉक्टरांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. “अगदी हेच,” ते म्हणाले. “हेच मी विद्यार्थ्यांना शिकवतो, पण मला इतक्या थोडक्यात सांगता येत नाही.”

घरी आल्यावर मी कागद घेऊन हिशोब मांडला. सहा इंची पाईप, मोटरने शंभर फूट चढवलेले पाणी आणि काटकोनी बेंड. त्या बेंडवर बाहेरच्या दिशेने पडणारा जोर पाऊण टनाच्या वर भरतो. एका बैलापेक्षा अधिक वजन तिथे रेलून उभे असते! मग तोच हिशोब मामांच्या पोटात नेला. चोवीस मिलिमीटरची नळी, साठ अंशांचे वळण आणि एकशेवीसचा रक्तदाब. नळीच्या बाहेर दाब उरला नाही असे धरले, तर वळणावर पडणारा जोर भरतो पाऊण किलोच्या आसपास. पाऊण किलो म्हणजे काय मोठे, असे वाटेल. पण तो एकदा रेलून थांबत नाही. दर ठोक्याला वाढतो आणि उतरतो. दिवसाला लाखभर वेळा. रक्तदाब एकशेसाठ झाला तर पाऊण किलोचा एक किलो होतो. आणि त्याला अडवायला काँक्रीट नाही. आहेत ते बारीक आकडे, तारांची पकड आणि गळ्याची बारा मिलिमीटर भिंत, तीही म्हाताऱ्या माणसाची. पूर्वी समजत, की रक्ताच्या प्रवाहामुळे नळी सरळ खाली घसरते. पुढे संगणकावर रक्ताचा प्रवाह मांडून पाहिला तेव्हा दिसले, की जोर मुख्यतः वळणाच्या बाहेरच्या बाजूला, आडवा असतो. नळी घसरते त्याआधी ती कलू पाहते. मामांच्या बेंडनेही तेच केले असते.

डॉक्टरांनी काही लपवले नाही. वाकड्या गळ्यासाठी खास लवचीक नळ्या निघाल्या आहेत. मूत्रपिंडाच्या फाट्यांसाठी कापडात झरोके ठेवून मापाने शिवलेल्या नळ्याही मिळतात, म्हणजे पकड आणखी वर घेता येते. त्यांचा खर्च वेगळा, कौशल्य वेगळे, आणि मापाची नळी बनून यायला वेळ लागतो. दुसरा मार्ग जुना: पोट उघडायचे, वर चिमटा लावून रक्त थांबवायचे, फुगवटा चिरून आत कापडाची नळी हाताने शिवायची. तिथे वाकणाचा प्रश्न राहत नाही. टाका स्वतःच ठोकळा होतो. पण माणसाला ते सोसले पाहिजे. इंग्लंडमध्ये या दोन मार्गांची मोठी तुलना झाली. २००४ साली तिचे पहिले आकडे आले तेव्हा पहिल्या तीस दिवसांत पोट उघडलेल्यांपैकी शंभरात ४.७ गेले होते, नळी घातलेल्यांपैकी १.७. नळीचा विजय झाला असे सगळ्यांना वाटले. पण त्याच रुग्णांचा पंधरा वर्षांचा हिशोब २०१६ साली लागला, तेव्हा दिसले की सुरुवातीचा फायदा पुढे ओसरतो आणि आठ वर्षांनंतर फुगवट्यामुळे होणारे मृत्यू नळीवाल्यांतच अधिक. कारण नळी बसवली म्हणजे काम संपत नाही. फुगवटा आत तसाच असतो. तो आकसला किंवा वाढला की वाहिनीचा आकार बदलतो, वळणे बदलतात, कधी नळी सरकते, कधी गळती सुरू होते. म्हणून दर वर्षी तपासणी; एक-दोन वर्षे नव्हे, जन्मभर.

मामांनी एकच प्रश्न विचारला. “नळी सरकली तर मला कळेल कसे?”

“कळणार नाही,” डॉक्टर म्हणाले. “आम्हांला तपासणीत कळेल.”

“आणि मी तपासणीला नाही आलो तर?”

डॉक्टर काही बोलले नाहीत. मामांनी मान हलवली आणि आम्ही बाहेर पडलो.

त्या रात्री पुण्यातल्या माझ्या घरी खडाजंगी झाली. मामेभाऊ म्हणत होता, शंभरात पाच आणि शंभरात दोन, यात विचार करण्यासारखे आहे काय? मामींच्या डोळ्यांपुढे फक्त उघडलेले पोट दिसत होते. मलाही नळीच बरी वाटत होती; मापाची मागवू, पैसे उभे करू. मामा सगळ्यांचे ऐकून घेऊन शेवटी बोलले. त्यांच्या बोलण्यात धैर्याचा आव नव्हता, भाव होता तो रानातल्या कामाचा.

“हे बघा, पहिल्या वर्षी मी येईन. दुसऱ्या वर्षी तुम्ही मला आणाल. तिसऱ्या वर्षी उसाची तोड आली असेल, टोळी दारात उभी असेल, मी म्हणेन पुढच्या महिन्यात जाऊ. चौथ्या वर्षी मला बरे वाटत असेल, आणि बरे वाटणारा माणूस पुण्याला डॉक्टरकडे जात नसतो. दर वर्षी बेंड उकरून बघणारा मी शेतकरी नव्हे; हे मला माहीत आहे, तुम्हालाही आहे. माझ्या जातीच्या माणसाने एकदाच खड्डा घ्यावा, ठोकळा ओतावा आणि माती लोटावी.”

कोणी काही बोलले नाही. नळीचा आकार, वाहिनीचा आकार, गळ्याचे अंश, सगळे डॉक्टरांनी मोजले होते. मामांनी त्यात आपल्या स्वभावाचे वळण मोजून घातले. ते कोणत्याच स्कॅनमध्ये दिसत नाही, आणि ते मोजायला लागणारा प्रामाणिकपणा फार थोड्यांजवळ असतो.

डॉक्टरांनी मामांचे हृदय तपासले, फुफ्फुसे तपासली. चाळीस वर्षांच्या विडीने फुफ्फुसांचे व्हायचे ते झाले होते, पण सोसण्यासारखी होती. तीन आठवडे श्वासाचे व्यायाम करून घेतले. मामी घड्याळ घेऊन समोर बसत. मग शस्त्रक्रिया झाली. पाच तास बाहेरच्या बाकावर आम्ही चौघे बसलो होतो. मामेभाऊ दर अर्ध्या तासाने उठून पाणी पिऊन येत होता. मामींच्या ओठांची हालचाल चालू होती. विठ्ठलाचे नाव असावे. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, “झाले. आत गाळ पुष्कळ होता.” फुगवट्यात रक्त मंदावते आणि कडेने गुठळ्यांचे थरावर थर बसत जातात, त्यांना ते गाळ म्हणत होते. मामींनी मला विचारले, “गाळ म्हणजे?” मी म्हटले, “नदीच्या काठाला बसतो तसा.” त्या म्हणाल्या, “मग काढला ते बरे झाले,” आणि तेव्हा कुठे त्या रडल्या.

त्याच खोलीत मामांच्या शेजारी एकोणऐंशी वर्षांचे एक गृहस्थ होते. दम्याने फुफ्फुसे खिळखिळी झालेली. पोट उघडणे त्यांना सोसले नसते. पण त्यांचा गळा लांब, सरळ, शाळेतल्या फूटपट्टीसारखा. त्यांना जांघेतून नळी घातली आणि तिसऱ्या दिवशी ते नातवाचा हात धरून चालत गेले. मामा अकरा दिवस राहिले आणि पुढे तीन महिने त्यांच्या अंगात जोर नव्हता. दोघांचाही निर्णय बरोबर होता. एकाच रोगाची दोन बरोबर उत्तरे असू शकतात, कारण रोगाचे नाव एक असले तरी नदी प्रत्येकाची वेगळी.

त्या साली बावड्याच्या घरी दिवाळी झाली ती बेताची. मामांना तळलेले खाण्याची परवानगी नव्हती. ते ओसरीवर खुर्ची टाकून नातवंडांचे काम पाहत बसले होते. धाकटा नातू घडीचा कंदील ओढून उलगडत होता, आणि तो एका बाजूला चिमटून नीट फुलत नव्हता. मामा म्हणाले, “आधी वरची कडी घट्ट कर, मग खाली ओढ. वरचे धरले नाही तर खालचे फुलत नाही.” मी चमकून त्यांच्याकडे पाहिले, त्यांच्या ध्यानीमनी काही नव्हते, कंदिलाविषयीच बोलत होते ते.

या गोष्टीला आता तीन वर्षे झाली. मामा हिंडतात, फिरतात, मोटर चालू करायला रात्री-अपरात्री बांधावर जातात. त्यांच्यात एक नवी खोड शिरली आहे. पाराजवळ कोणी विडी शिलगावणारा म्हातारा दिसला की त्याच्या शेजारी बसतात, आधी पावसापाण्याचे बोलतात आणि मग हळूच विचारतात, “पोटाचा फोटो काढला का कधी?” सोनोग्राफी काही मोठी गोष्ट नाही, दुखत नाही, टोचत नाही, थोड्या मिनिटांचे काम. आतापर्यंत चार जणांना त्यांनी इंदापूरला पाठवले. तिघांचे काही निघाले नाही, तेव्हा तिघांनीही मामांना जाण्यायेण्याचा खर्च मागितला. चौथ्याची वाहिनी ३.४ सेंटिमीटर निघाली. एवढ्याला काही करायचे नसते. विडी सोडायची, रक्तदाब आवरायचा आणि ठरवून दिलेल्या मुदतीत पुन्हा मोजून घ्यायचे. त्या गृहस्थाने विडी सोडली असे तो सांगतो. पण मोजणीची तारीख जवळ आली की मामा आदल्या संध्याकाळी त्याच्या दारात जातात आणि सकाळच्या एस.टी.ची वेळ त्याला सांगून येतात.